हॉलचा कोपरा आणि हलणाऱ्या खिडक्या

आमच्या हॉलला कोपरा एकच आहे. बाकीचे तीन आहेत, पण ते नसल्यासारखे. एकात दार उघडतं, दुसऱ्यात फ्रिज आहे आणि तिसऱ्यात देव आहेत, म्हणजे तिथे बोलणंच खुंटलं. चौथ्यात माझा संगणक. या चौथ्या कोपऱ्यावर माझ्या बायकोचा, प्रेमाचा, बऱ्याच दिवसांपासून डोळा होता. तिला तिथे घरघंटी हवी होती.

घरघंटी हा विषय आमच्याकडे मुलुंडहून आला. प्रेमाची बहीण शेवंती मुलुंडला राहते आणि तिच्याकडे घरघंटी आहे. "थांब हं, मशीन बंद करते, काही ऐकू येत नाही," या वाक्याने तिचा प्रत्येक फोन सुरू होतो. फोन तिनेच लावलेला असतो. माझा असा दाट संशय आहे की नंबर फिरवण्यापूर्वी ती मुद्दाम गहू टाकते. इकडे प्रेमा दिंडोशीचा उतार उतरून डबा गिरणीत घेऊन जाते, आणि गिरणीवाला कुणाच्या तरी चणाडाळीच्या पाठोपाठ आमचे गहू दळतो. मग आठवडाभर आमच्या चपात्यांना पिठल्याची चव येते. ती चव मला आवडते हे मी एकदा बोलून गेलो, आणि तेव्हापासून घरात मला गिरणीवाल्याच्या पक्षाचा धरतात.

अशात संगणकाच्या पडद्यावर एक सूचना यायला लागली. ऑक्टोबरनंतर या जुन्या प्रणालीची काळजी घेतली जाणार नाही. नवी प्रणाली घ्यावी. मात्र ती तुमच्या यंत्रावर चालणार नाही. मी आयुष्यभर विमा कचेरीच्या क्लेम विभागात होतो, लोकांना नाही म्हणण्याच्या अनेक पद्धती मला माहीत आहेत, पण इतकी स्वच्छ पद्धत मी पाहिली नव्हती. प्रेमा मागे तांदूळ निवडत बसली होती.

"मी काही बोलले नाही हं," ती म्हणाली. "त्याचं तोच म्हणतोय, जातो म्हणून."

मग तह झाला. मुदत दसऱ्यापर्यंत. तोवर माझ्या संगणकाच्या डब्याने असं काहीतरी करून दाखवायचं, जे प्रेमाच्या मोबाईलवर होत नाही. दाखवलं तर कोपरा कायमचा माझा. नाही दाखवलं तर डबा भंगारात, आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर घरघंटी.

ऐकायला अट सोपी वाटते. पण बसून विचार करा. बँक मोबाईलवर, वीजबिल मोबाईलवर, सत्यनारायणाची पोथी मोबाईलवर, आमच्या गेटवर बिबट्या येऊन गेला तोही सगळ्यांनी मोबाईलवरच पाहिला. मी संगणकावर नेमकं काय करतो, असं मी स्वतःला विचारलं आणि उत्तर काही चांगलं आलं नाही. खरं सांगायचं तर निवृत्त माणसाला घरात बसायला एक ठरलेली जागा लागते. सोफ्यावर बसलो की मी रिकामा दिसतो, आणि रिकामा दिसलो की मला कोथिंबीर आणायला पाठवतात. संगणकासमोर बसलो की मी कामात दिसतो. माझी उरलीसुरली अब्रू त्या खुर्चीत होती, आणि ती जाणार या विचाराने मी खरोखर घाबरलो.

तारणहार यूट्यूबवर भेटला. कुणी एक परदेशी तरुण लिनक्स नावाची प्रणाली दाखवत होता. ही फुकट असते, जुन्या यंत्रावरही चालते, आणि तिच्यात पडद्याचे चमत्कार असतात. त्याने एक खिडकी माउसने धरून ओढली, तर ती अळवडी उकडण्याआधीच्या पानासारखी लुळी होऊन हलायला लागली. मग त्याने काहीतरी दाबलं आणि अख्खा पडदा एका चौकोनी ठोकळ्यावर चिकटवल्यासारखा गरगर फिरला. चार बाजूंना चार पडदे. मोबाईलवर हे होणं शक्य नव्हतं. मी खुर्चीतच सरळ होऊन बसलो.

लिनक्स एका दुपारीच बसलं. विनासायास. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती.

प्रेमाला बोलावलं. तिने पाहिलं. "निळं होतं, आता हिरवं आहे," ती म्हणाली.

"चमत्कार अजून सुरू व्हायचे आहेत."

"मग सुरू झाले की बोलवा. डाळ खाली लागेल."

चमत्कार सुरू करायचे तर एका काळ्या चौकटीत आज्ञा लिहाव्या लागतात. पहिली आज्ञा लिहिली. चौकटीने पासवर्ड मागितला. मी पासवर्ड टाइप केला, तर पडद्यावर काही उमटेना. अक्षर नाही, ठिपका नाही. पुन्हा केला. जोरात केला. कीबोर्ड उलटा करून झटकला, त्यातून बडीशेप निघाली, पासवर्ड नाही. त्या आवाजाने समोरच्या घरातले भिकाजीकाका आले.

भिकाजीकाका मूळचे मालवणकडचे, आणि गिरणी बंद पडेपर्यंत लालबागला कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. ऐंशीच्या पुढचे आहेत आणि या मजल्यावर कुणाच्याही घरात काहीही बिघडलं तरी पहिला सल्ला त्यांचा असतो.

"काय रे सुबोधा, सकाळपासून त्या डब्याच्या मानेक काय बसलस?"

"काका, पासवर्ड दिसत नाहीये."

"नारळ फोडलस?"

"कशाला?"

"आमच्या गिरणीत नवो साचो इलो की पयलो नारळ. नारळ नाय तर साचो धागे तोडता. ह्यां तुका शिकवूक होया?"

मी त्यांना समजावलं की हे सॉफ्टवेअर आहे. त्यांनी मान डोलावली आणि नारळ कुठे स्वस्त मिळतो ते सांगितलं. पुढे मला कळलं की त्या चौकटीत पासवर्ड दिसतच नाही, तशीच तिची रीत आहे. म्हणजे मी केलेला प्रत्येक पासवर्ड पोहोचत होता. फक्त मी रागाने दर वेळी दोनदा करत होतो.

आज्ञा चालली. चमत्कारही सुरू झाला, पण दुसराच. खिडक्यांच्या वरच्या पट्ट्या गायब झाल्या. त्या पट्टीवर खिडकी बंद करायची फुली असते. आता उघडलेली खिडकी बंद करता येईना, सरकवता येईना. मी एक पंचांग उघडलं होतं, ते दोन दिवस पडद्यावर तसंच राहिलं. त्याच्या मागे वीजबिल अडकलं होतं. प्रेमाने ते स्वतःच्या मोबाईलवरून भरलं, एक शब्दही न बोलता, आणि ते न बोलणं मला फार लागलं.

तेव्हा मी लिनक्सवाल्यांच्या प्रश्नोत्तरांच्या मंचावर गेलो. तिथे जगभरचे जाणकार फुकट मदत करतात असं ऐकलं होतं. करतात, यात वाद नाही. मी माझं दुःख सविस्तर लिहिलं. लगेच उत्तर आलं की हा प्रश्न चुकीच्या विभागात विचारला आहे. योग्य विभागात विचारला. तिथे एकाने लिहिलं की यंत्राची संपूर्ण माहिती जोडल्याशिवाय विचार होणार नाही. जोडली. दुसऱ्याने विचारलं की तुम्हाला हे कशासाठी हवं आहे. मी घरघंटीबद्दल लिहिलं. मग नॉर्वेच्या बाजूच्या एका गृहस्थाने कळवलं की असे चमत्कार आता कुणी गंभीर माणूस वापरत नाही, आणि तसाही हा प्रश्न पूर्वी विचारून झालेला आहे, म्हणून माझा अर्ज निकाली काढण्यात येत आहे. आमच्या क्लेम विभागात अशी माणसं असती तर कंपनीने एक पैसाही कुणाला दिला नसता. मला त्यांचा राग आला, आणि थोडा आदरही वाटला.

तो पूर्वी विचारलेला प्रश्न मी शोधून काढला. जुना होता, पण हुबेहूब माझाच. तेच ग्राफिक कार्ड, त्याच गायब पट्ट्या, तोच आक्रोश. मी भराभर खाली सरकलो. शेवटी तो प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थानेच लिहिलं होतं: "सुटलं. धन्यवाद." बस्स. कसं सुटलं ते नाही. त्यानंतर तो माणूस त्या मंचावर पुन्हा कधी दिसला नाही. मी तसा शांत स्वभावाचा आहे, पण त्या माणसाला मी मनातल्या मनात जे बोललो ते देवांच्या कोपऱ्याकडे पाठ करून बोललो.

राहता राहिला केयूर. केयूर पाचव्या मजल्यावर राहतो, मालाडला आयटीत आहे आणि लिफ्टमध्येही कानात कुणाशी तरी इंग्रजीत बोलत असतो. मी त्याला लिफ्टमध्येच गाठलं आणि फिरणाऱ्या ठोकळ्याचं सांगितलं.

"काका, सिरियसली, क्यूब? हे आम्ही कॉलेजात करायचो यार."

"मग तुला येतच असेल."

"तेव्हा यायचं. आता कोण करतं? नवा लॅपटॉप घ्या ना." मग माझं तोंड बघून त्याला दया आली असावी. तो घरी आला, डब्याचं झाकण काढलं, आत डोकावला आणि म्हणाला, "ग्राफिक कार्ड म्हातारं आहे काका. कंपनीने याचा ड्रायव्हर बनवणं कधीच सोडलंय. जुना ड्रायव्हर शोधून टाका. आणि हे तापतं खूप, झाकण उघडंच ठेवा. हवा लागू दे."

झाकण उघडं ठेवा. हा सल्ला नीट लक्षात ठेवावा, पुढे कामाला येणार आहे. माझ्या नाही.

जुन्या ड्रायव्हरने, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या त्या प्रोग्रॅमने, पडदा काळा झाला. अगदी पूर्ण. त्या काळात बिल्डिंगमधल्या ज्याला त्याला माझी बातमी कळली होती, आणि दुधाच्या पिशव्या घेताना लोक आजाऱ्याची चौकशी करावी तशा आवाजात "काय म्हणतो तुमचा?" असं विचारायचे. तळमजल्यावरच्या एका बाईंनी तर गोरेगावात चांगला भंगारवाला आहे असं आपणहून सांगितलं. मी अपमान गिळत गेलो. यूट्यूबचं, मंचाचं, केयूरचं आणि चुकून मिळालेल्या एका ब्राझीलच्या पानाचं, असं सगळं एकावर एक करत गेलो. ताप उतरला की वैद्याचा काढा लागू पडला की डॉक्टरची गोळी ते कळत नाही, तसं झालं. दसऱ्याच्या आदल्या दुपारी पडदा उजळला, पट्ट्या आल्या, मी पंचांगाची खिडकी धरून ओढली आणि ती लवलवली. एक बटण दाबलं. पडदा ठोकळा होऊन फिरला. माझे डोळे भरून आले हे सांगायला मला लाज वाटत नाही.

मी कुणालाही दाखवलं नाही. संगणक तसाच चालू ठेवला, बंद केला तर पुन्हा उगवेल याची खात्री नव्हती. आणि दसऱ्याच्या सकाळी मजल्यावरच्या सगळ्यांना बोलावलं.

आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा असते. विळी, कोयता, माझा पाना, प्रेमाचं शिलाई मशीन. या वर्षी मी संगणकही मांडला. प्रेमाने त्याला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. पैज असली तरी पूजेत तिने हात आखडता घेतला नाही, तिचा हा स्वभाव मला पहिल्यापासून आवडतो. केयूर खाली आला होता. भिकाजीकाका नारळ घेऊनच आले.

"गाऱ्हाणा घालूक होया," ते म्हणाले, आणि कुणी काही बोलायच्या आत त्यांनी सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो. कोकणातल्या माणसाला हे झोपेतही म्हणता येतं.

"आज ह्यो सुबोध धुरी तुझ्या पायाशी उभो असा. ह्येच्या पेटाऱ्याक कोणाची नजर लागली असात तर ती काढ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

"ह्येचो तो डायवर वाटेत खय अडाकलो असात, तर तेका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा." केयूरही म्हणाला.

दर "व्हय म्हाराजा"ला आम्ही सगळे मूठमूठ अक्षता टाकत होतो. भक्तिभावाने, आणि बऱ्यापैकी जोरात. डब्याचं झाकण उघडं होतं.

मग मी खुर्चीत बसलो. प्रेमा मागे उभी राहिली, हाताची घडी घालून. मी खिडकी ओढली. ती लवलवली. बायकांमधून "अगंबाई" असा आवाज आला. मी मागे वळून पाहिलं नाही, मोठ्या माणसांनी अशा वेळी पाहायचं नसतं. मी क्यूबचं बटण दाबलं.

पडदा फिरायला लागला. पडदा फिरला की ग्राफिक कार्डाला श्रम होतात, श्रम झाले की त्याचा पंखा वेग घेतो. पंख्याने वेग घेतला आणि डब्यातून आवाज सुरू झाला. आधी कुरकुर. मग घरघर. मग असा काही घर्रर्र आवाज की देवांच्या कोपऱ्यातली समईची वात हलली. ठोकळा अर्ध्यावर आला, तिरका झाला आणि तसाच अडकला. एका बाजूला पंचांग, दुसऱ्या बाजूला वीजबिल. आवाज मात्र थांबेना.

सगळे माझ्याकडे बघत होते. प्रेमा डब्याकडे बघत होती. बघत नव्हती, ऐकत होती. मान तिरकी करून, ओळखीचं माणूस जिन्यावर आल्यासारखी.

"अहो," ती म्हणाली, "तांदूळ दळतोय हा."

इतक्यात दार वाजलं. सोसायटीचे सेक्रेटरी राजेश चुरी उभे होते. सणाचे कपडे आणि चेहरा मात्र कामाचा.

"धुरी, घरघंटी आणलीत?"

"नाही हो."

"खालून तक्रार आली आहे. मी पण आवाज ऐकला जिन्यातून."

"तो माझा संगणक आहे."

तेवढ्यात तो संगणक फट् करून बंद पडला. जळक्या तांदळाचा वास सुटला. प्रेमाने वाकून डब्यात हात घातला आणि मूठ बाहेर काढून उघडली.

"हे काय आहे, वहिनी?" चुरींनी विचारलं.

"कण्या," प्रेमा म्हणाली. तिला खोटं बोलता येत नाही.

"म्हणजे दळणच झालं ना," चुरी म्हणाले, आणि उपनियमाचा कुठला तरी क्रमांक सांगून निघून गेले. पाव्हणे आपट्याची पानं वाटून, माझ्याकडे न बघता पांगले. केयूर जाताना हळूच म्हणाला, "झाकण लावायचं ना काका पूजेला." भिकाजीकाकांच्या मते गाऱ्हाणं लागू पडलं होतं, फक्त देवाने जरा जास्त मनावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी नोटीस आली. विनापरवानगी घरघंटी चालवल्याबद्दल. मी तीस वर्षं कागदात काढली आहेत, मी रीतसर खुलासा घेऊन चुरींकडे गेलो.

"तुमचं म्हणणं पटतंय मला," चुरी म्हणाले. "पण कमिटीच्या दप्तरी तुमच्या नावावर घरघंटी चढली आहे. ती उतरवायची तर सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. सभा पुढच्या वर्षी. आणि मशीन नियमित करून घ्यायची तर एक साधा अर्ज. खाली रबराचं पायपुसणं टाका, झालं."

"पण मशीन नाहीच आहे."

"तो तुमचा घरगुती प्रश्न आहे, धुरी. आमच्याकडे आहे."

हे मी घरी येऊन सांगितलं तेव्हा मला वाटलं प्रेमा हसेल. ती हसली नाही. ती माझ्याजवळ सोफ्यावर येऊन बसली.

"क्यूब छान होता पण," ती म्हणाली. "आणि पैज तुम्हीच जिंकलात. माझ्या मोबाईलवर तांदूळ दळले जात नाहीत."

इतक्या दिवसांत कुणी माझ्याशी इतकं न्यायाने वागलं नव्हतं.

"कोपरा तुमचाच," ती म्हणाली. मग उठता उठता, "पण दप्तर खोटं ठरवणं बरं नव्हे."

घरघंटी पुढच्या आठवड्यात आली. कोपऱ्यातच आली, दुसरीकडे जागा कुठे होती. प्रेमाने शब्द पाळला. तिने घरघंटीच्या सपाट माथ्यावर स्वतः क्रोशाचं कापड अंथरलं आणि त्यावर माझा पडदा ठेवला. डबा मागे भिंतीला. जळकं कार्ड केयूरने काढून टाकलं, आता संगणक साधाच चालतो. चमत्कार नाहीत, पण खुर्ची आहे.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी मी पंचांग उघडून बसलो होतो. "जरा पाय वर घ्या," प्रेमा म्हणाली, चकलीची भाजणी ओतली आणि बटण दाबलं. घरघंटीने दम घेतला आणि माझा पडदा थरथरायला लागला. पंचांगाची खिडकी थरथरली, तिच्या मागची थरथरली, पट्ट्या, फुल्या, सगळं लवलवायला लागलं. ड्रायव्हर नाही, आज्ञा नाही, पासवर्ड नाही.

भिकाजीकाका भाजणीच्या वासावर दारात आलेच होते. "जमला मरे तुका, सुबोधा," ते म्हणाले.

प्रेमाने शेवंतीला फोन लावला होता. "थांब हं, मशीन बंद करते," ती म्हणत होती. मी तिला हातानेच खुणावलं, राहू दे, चालू राहू दे.

मग हलत्या पडद्यावर मी तो मंच उघडला, माझ्या निकाली निघालेल्या प्रश्नाखाली गेलो आणि कसं काय ते लिहायला घेतलं. दसरा, गाऱ्हाणं, चुरी. दोन ओळी लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की नॉर्वेच्या बाजूच्या माणसाला यातलं काहीही सांगता येणार नाही. मी सगळं खोडलं. तो जुना प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थावरचा माझा राग त्या क्षणी पार गेला. त्याच्याही घरी कोपरा एकच असणार.

मी लिहिलं: "सुटलं. धन्यवाद."